डावीकडची खुर्ची

स्वयंपाकघराच्या छताला धूर ओळखणारं एक पांढरं गोल यंत्र होतं, ते सकाळपासून चिवचिवत होतं. धूर कुठंच नव्हता, त्याची बॅटरी संपत आली होती. थोड्या थोड्या वेळानं एकच बारीक आवाज, सुई टोचून लगेच काढून घ्यावी तसा. धाकटा केस पुसत दारात आला आणि त्या आवाजानं त्याच्या दाढा आंबल्या. यंत्राच्या बरोबर खाली दादा बसला होता आणि पावाला लोणी लावत होता. आवाज झाला. सुरी थांबली नाही. पुन्हा झाला. दादा पावाच्या कडेपर्यंत लोणी पोहोचवण्यात गर्क होता. कड कोरडी राहिली तर दिवस वाया गेला असं मानणाऱ्यांपैकी तो. हा तोच माणूस, ज्यानं एकदा जिन्यात उभं राहून लिफ्टची मोटर आज कण्हतेय असं सांगितलं होतं, सगळे हसले होते आणि त्याच आठवड्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. धाकट्यानं काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी आली. औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट अर्धा अंगात, एक बाही अजून लोंबकळती. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, दादाच्या डोक्यावरून हात लांब करून बॅटरी काढली आणि खिशात टाकली. दादानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या ओठांकडे. जाळी लागली होती, असं ती म्हणाली. खाली उतरताना तिनं धाकट्याकडे एकदाच पाहिलं. चिठ्ठीवरचं औषध वाचून गिऱ्हाइकाचा आजार कळला की ती दुकानात जसा चेहरा कोरा ठेवत असेल, तसाच तिनं तो आत्ता ठेवला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्यानं निमूटपणे खुर्ची ओढून पाव पुढ्यात घेतला.

स्टुडिओ चालत जाण्याच्या अंतरावर होता, फर्निचरच्या एका गोदामाच्या तळघरात. दोघं रोज बरोबर निघत. दादा पुढे, धाकटा अर्धं पाऊल मागे. दादानं त्याला शाळेत सोडायला सुरुवात केली तेव्हापासूनची ती चाल, आता दोघांचेही केस पांढरे व्हायला लागले तरी मोडली नव्हती. आज मात्र धाकटा मुद्दाम शेजारून चालला आणि चोरून बघत राहिला. मालट्रक वळण्याआधीच दादा कडेला झाला. लांब कुठंतरी शटर पडलं तर त्यानं किंचित मान हलवली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी. म्हणजे खालचे, खर्जातले आवाज सगळे शाबूत होते. मग मागून एक सायकलवाली घंटी वाजवत आली, वाजवत राहिली, आणि शेवटी दादाला वळसा घालून पुढे जाताना बहिरा आहे का हा माणूस, असं पुटपुटली. रागात कुणीही म्हणतं तसं ती म्हणाली होती. पण धाकट्याला वाटलं, रस्त्यावरच्या सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे आणि आपल्यालाच तेवढी कुणी सांगितली नव्हती. कधीपासून, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घोळायला लागला. वहिनी मध्यंतरी कौतुकानं म्हणाली होती की हल्ली हा माझ्याकडे बघून बोलतो, लग्नाच्या वर्षीसुद्धा इतका बघत नव्हता. तिला तेव्हा माहीत असेल का? की त्याच कौतुकातून तिला हळूहळू कळत गेलं असेल? आणि आपण शेजारी बसून काय करत होतो, या विचाराशी येऊन तो प्रत्येक वेळी अडखळत होता.

दादा टेक्नो बनवायचा, यंत्रांवरचं नाचायचं संगीत. ज्यांना त्यातलं कळत नाही ते म्हणायचे, त्यात बनवायचं काय, कुणीतरी गादी झोडपतंय. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. खालचा तो धप् धप् ठोका, किक म्हणतात तो, घड्याळासारखा सरळ चालतो आणि चाललाच पाहिजे. सगळी गंमत वरच्या पितळी 'च्स'मध्ये असते, हाय-हॅटमध्ये. दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध हॅट ठेवला की संगीत सरळसोट पळत सुटतं आणि माणूस कंटाळतो. तोच जरासा मागे ओढला, इतका जरासा की ऐकणाऱ्याला बोट ठेवता येऊ नये, की कानाला कळायच्या आधी कमरेला कळतं. दादाचा हॅट त्यासाठी नावाजलेला होता. यंत्राच्या छातीवर कुणीतरी तळहात ठेवलाय असं वाटतं, असं एकानं लिहिलं होतं. पोरंपोरी त्याच्या तबकड्या संगणकावर चढवून हॅट नेमका किती मागे आहे ते मोजायची, तेवढाच आपलाही मागे ठेवायची, आणि त्यांचं संगीत लंगडायचं. मोजून ते येणार नव्हतंच, कारण दादाचा हॅट एका जागी कधी राहायचाच नाही. गाणं चालू असताना दादा एका हातानं एक नॉब धरून हॅट पुढेमागे सरकवायचा आणि दुसऱ्या हातानं तो लहानमोठा करायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी धाकट्यानं करायचं काय? बसायचं. तारा जोडायच्या, फायली जपायच्या, आणि एकदा दादाचे हात नॉबवर गेले की बसून ऐकायचं. तबकडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'साहाय्य' असं यायचं. तो स्वतःला गमतीत फर्निचर म्हणायचा. वर गोदामात सोफे, खाली आपण. सुरुवातीला दोघंही त्यावर हसायचे, अलीकडे दादा एकटाच हसायचा.

म्हणूनच तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीवाल्याचा फोन आला तेव्हा धाकट्याला प्रथम तो दादासाठीच आहे असं वाटलं होतं. पण त्या माणसानं धाकट्याचेच तीन तुकडे ऐकले होते. दुसऱ्या शहरात त्यांचा स्टुडिओ होता, तिथं येऊन राहा, स्वतःच्या नावानं तबकडी कर, म्हणाला. घरातलाच वारसा आहे पण तुझं काम जास्त स्वच्छ आहे, सगळं कसं जागच्या जागी आहे, असंही म्हणाला. ते ऐकून धाकटा हरखला आणि फोन ठेवल्यावर ते 'जागच्या जागी' त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. खरं होतं ते. एकट्यानं बसून केलेल्या त्या तुकड्यांत त्यानं हॅट कितीही सरकवला तरी तो बसायचाच नाही, म्हणून दर वेळी कंटाळून त्यानं तो मधोमध नेऊन ठेवला होता. आज संध्याकाळपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचं होतं. दादाला त्याआधी सांगायचं होतं. आठवडाभर त्याची जुळवाजुळव चालली होती, वाक्यं तयार होती. आणि आता त्या चिवचिवणाऱ्या यंत्रानं सगळ्यावर पाणी फिरवलं होतं. कारण दादाला खरंच वरचं ऐकू येत नसेल, तर मागची ती तबकडी, जिच्यावर इतकं लिहून आलं, तिचा हॅट कुणी लावला?

तळघराच्या पायऱ्या उतरताना त्याला खुर्ची आठवली. पूर्वी त्याची खुर्ची दादाच्या मागे, भिंतीला टेकून असायची. एके दिवशी दादानंच ती उचलून टेबलाच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. मागच्या कोपऱ्यात आवाज घुमतो, इथं बस, म्हणाला. मग एक दिवा आणला, मान वळणारा, आणि टेबलावर उजेड हवा म्हणून लावला. पण त्याची मान नेहमी डावीकडेच वळलेली असायची आणि धाकट्याच्या डोळ्यांवर यायची. त्याबद्दल तो कुरकुरला होता. दादानं ऐकून घेतलं आणि दिवा होता तसाच ठेवला. आता त्या खुर्चीकडे बघताना धाकट्याला एकेक गोष्ट जुळत गेली. दादा नॉब फिरवताना स्पीकरकडे बघत नसे, पडद्याकडेही नसे. डोळे अर्धे मिटलेले आणि मान डावीकडे कललेली. लोक त्याला समाधी म्हणायचे, तसा फोटोसुद्धा छापून आला होता. फोटोच्या चौकटीत खुर्ची आली नव्हती, एवढंच. आणि याहून जुनी एक गोष्ट, जी त्याला कितीतरी वर्षांत आठवली नव्हती: आईबाबा दोघंही रात्रपाळीला असत तेव्हा दादा त्याला झोपवायचा. पाठीवर दोन बोटांनी थोपटायचा, पण एकसारखं नाही. धाकट्याचा श्वास सुटायची वाट बघायचा आणि मग बोटं टेकवायचा, नेहमी जरा उशिरा. झोप लागली आहे की हा नुसता डोळे मिटून पडलाय, हे त्याला पाठीवरूनच कळायचं. धाकट्यानं कितीही सोंग घेतलं तरी पकडला जायचा. त्या आठवणीनं तो हळवा झाला असता, पण आज त्याला तिचाही राग आला. इतकी वर्षं आपल्याला वाचत होता हा माणूस, आणि पाठीवर लिहिलं काय, तर साहाय्य.

वरच्या गोदामवाल्याशी दादाचं रोज सकाळी एक बोलणं असायचं, सोफे कधी सरकवणार आणि कधी नाही याचं. दादा त्यासाठी वर गेला आणि तेवढ्या वेळात धाकट्यानं ते केलं. स्पीकरच्या पेटीत खाली मोठा पडदा असतो, त्यातून खालचे आवाज येतात, आणि वर एक छोटा घुमट असतो, तो वरचे आवाज काढतो. हॅट सगळा त्या घुमटातून. या पेट्यांना दोन्हींच्या तारा मागून वेगवेगळ्या जोडलेल्या होत्या. त्यानं गुडघ्यांवर बसून दोन्ही पेट्यांच्या घुमटांच्या तारा सोडवल्या आणि टोकं मागे दडवली. आता संगणकाच्या पडद्यावर हॅटची हिरवी पट्टी उड्या मारताना दिसणार होती, खोलीत मात्र नुसती किक आणि खालची घुमघुम येणार होती. कुठल्याही शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या क्षणी कळेल की आवाजावर कुणीतरी घोंगडी टाकली आहे. करताना त्याचे हात थरथरले नाहीत, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं. आपल्याला फक्त खात्री करून घ्यायची आहे, असं त्यानं मनाला बजावलं. पण खात्री कसली, हे मनानं विचारलं तेव्हा त्यानं तारांची टोकं आणखी आत ढकलली. बोलणं आटोपून परतणाऱ्या दादाचे पाय जिन्यात वाजले, तसा तो उठून खुर्चीत जाऊन बसला आणि पँटवरची धूळ झटकायची विसरला. चोराच्या मनात चांदणं; दिव्याचा उजेड आज त्याला चटका दिल्यासारखा लागला.

दादानं गाणं सुरू केलं. किक आली, दणदणीत. घुमघुम आली. जिथं हॅट यायचा तिथं पडद्यावर हिरवी पट्टी उडाली आणि खोलीत काहीच आलं नाही. दादाची बोटं नॉबवर गेली. तो थांबला नाही, कपाळ आक्रसलं नाही, पेटीकडे वळून बघितलं नाही. मान डावीकडे कलली. धाकट्यानं ठरवल्याप्रमाणे चेहरा लाकडासारखा ठेवला. बघू, लाकडावरून काय वाचतोस ते. दादानं हॅट जरा मागे घेतला, थबकला, पुढे घेतला. पुन्हा मागे. बोटं चाचपडायला लागली, अंधारात बटण शोधावं तशी. धाकट्यानं हा हात लहानपणापासून पाहिला होता, तो कधी चाचपडलेला त्याला आठवत नव्हता. दादाच्या वरच्या ओठावर घाम आला. बरं वाटत नाही का तुला, असं त्यानं गाणं चालू असतानाच विचारलं, आणि धाकट्यानं मान हलवून बरं आहे म्हटलं. विजयासारखं काहीतरी वाटेल अशी त्याची कल्पना होती. वाटली ती भीती, गर्दीत धरलेलं बोट सुटल्यावर वाटते तशी. गाणं पुढे सरकत होतं, बिनडोक्याचं, आणि दादा त्यात एकटाच चालला होता. धाकट्याला ते बघवेना. आणि मग, त्यानं ठरवलं नव्हतं, पण त्या मोकळ्या जागेत त्याला हॅट ऐकू यायला लागला. खोलीत नव्हता, तरी आला. किकच्या मागून, जरा आळसावलेला, मग दोन फेऱ्यांनी थोडा धीट, मग एकदम कुजबुजण्याइतका लहान. तो कसा यायला हवा हे त्याला इतकं स्वच्छ कधीच कळलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, पण ते सुचलंच नाही. दादाच्या बोटांचं चाचपडणं थांबलं. हात सैल झाले, नॉब मऊपणे फिरायला लागले, आणि गाणं संपेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही. शेवटची किक विरल्यावर दादा म्हणाला की कॉफी घेऊन येतो, आणि जिन्यानं वर गेला.

धाकट्यानं धडपडत एका पेटीची तार जोडली आणि दादानं आत्ता केलेलं पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला हॅट भरकटलेला होता, मागेपुढे, वाट चुकल्यासारखा. मग एका जागी तो बसला.  धाकट्यानं मनात ऐकलेला तोच हॅट पेटीतून येत होता: तोच आळस, तोच धीटपणा, कुजबुज होती तिथं कुजबुज. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकट्यानं बसून रात्ररात्र त्यानं तो शोधला होता आणि सापडला नव्हता, कारण हात त्याचे होते, कान त्याचे होते, पण समोर बसून त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. त्याला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी एक घाणेरडा हिशोबी विचारही येऊन गेला, की मग हे सगळं माझंच होतं तर. तो दुसऱ्या पेटीमागे गुडघ्यांवर बसला होता, तिची तार अजून हातात, तेव्हा दादा दोन पेले घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"जोडलीस तार?" दादानं विचारलं.

धाकट्यानं हातातली तार जोडून टाकली. दादानं पेले टेबलावर ठेवले आणि आपल्या खुर्चीत बसला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"हॅट लागला की तुझी डावी पापणी खाली येते. थोडीशीच. आज आलीच नाही. आधी वाटलं, माझंच चुकतंय. मग वाटलं, रागावलाय हा. मग बघितलं तर तू पेटीकडे एकदाही बघत नव्हतास."

"मग थांबला का नाहीस?"

"नंतर आली ना पापणी," दादा म्हणाला. "ती आल्यावर मी कशाला थांबू?"

वरचे आवाज आधी गेले, मग त्यांच्या खालचे, डॉक्टर म्हणाला की या धंद्यातल्या लोकांचं होतं असं. हे सगळं दादानं कॉफी पीत पीत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मागच्या दोन तबकड्या त्यानं धाकट्याच्या तोंडाकडे बघूनच केल्या होत्या. त्याआधीच्या एका तबकडीचं नक्की सांगता येणार नाही, म्हणाला. कदाचित कान असतानाही तो तेच करत होता. धाकट्यानं विचारलं की मला का नाही सांगितलंस, माझं नाव तरी नीट घातलं असतंस, मी इतकी वर्षं स्वतःला फर्निचर समजत होतो. त्याचा आवाज चढला होता आणि तो चढलेला दादाला नीट ऐकू येत होता.

"नाव घालायला हवं होतं," दादा म्हणाला. "ते चुकलं माझं. दर वेळी घालणार होतो. पण घातलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाबद्दल. आणि सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तू चेहरा करायला लागला असतास."

मग त्यानं स्वतःच कंपनीचा विषय काढला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. फोन आला की धाकटा बाहेर जायचा आणि परत आल्यावर त्याच्याकडे बघायचा नाही, तेवढ्यावरून त्यानं ताडलं होतं. जायचं असेल तर जा, म्हणाला, मी वाट अडवणार नाही, पण या गाण्याची सुरुवात तेवढी भरकटलेली आहे, ती एकदा नीट करून घेऊ. जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं तो म्हणाला, आणि धाकटा खुर्चीत जाऊन बसला. या वेळी तारा जोडलेल्या होत्या. गाणं सुरू झालं, हॅट खणखणीत आला, दादाची मान डावीकडे कलली. आणि धाकट्याला आपली डावी पापणी जाणवली. त्याआधी त्याला ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. ती आता जड झाली, फडफडली, थांबली. ती खाली आली की आपण आणली, हे त्याला सांगता येईना. ओठ कसे ठेवायचे? हनुवटी? तो मदत करायला गेला. हॅट पुढे गेला तेव्हा कपाळाला जरा आठी घातली, आणि दादानं लगेच तो मागे ओढला, फार मागे. मग त्यानं आठी काढली तर दादानं पुढे आणला. नाटकवाल्यानं दाखवावं आणि पडदेवाल्यानं ओढावं असला प्रकार सुरू झाला. त्यानं सगळं विसरून ऐकायचा प्रयत्न केला, पण आता ऐकायला कुणी शिल्लक नव्हतं, सगळा जीव चेहऱ्यावर येऊन बसला होता. दादाची बोटं पुन्हा चाचपडली. एकदा, दोनदा त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. हॅट मधोमध जाऊन पडायचा, जागच्या जागी, मेल्यासारखा. वर कुणीतरी सोफा सरकवला आणि त्या खरखरीनं तळघराचं छत थरथरलं. दादानं हात नॉबवरून काढून मांडीवर ठेवले. गाणं आपलं आपण चालत राहिलं, मग त्यानं तेही बंद केलं.

धाकट्याला एकदम कळलं की आपण काय केलंय. तो गेला असता तर दादाला वाचायला चेहरा उरला नसता, हे त्याला मघाशीच उमगलं होतं. पण तो इथंच होता, दिव्याच्या उजेडात, हाताच्या अंतरावर, आणि चेहरा गेला होता. त्यानं खिशातला फोन बाहेर काढून टेबलावर पालथा ठेवला. त्याला खरंच वाटत होतं की तो जाणार नाही. निदान ते शब्द तोंडातून सुटेपर्यंत तरी त्याला तसं वाटत होतं.

"दादा, मी जात नाही कुठं. मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

दादानं दिव्याची मान आणखी जवळ वळवली. त्यानं धाकट्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, ओठांकडे, डाव्या पापणीकडे, नॉब फिरवताना बघायचा तसं, अर्धे डोळे मिटून, कितीतरी वेळ. धाकटा श्वास रोखून बसला आणि शक्य तितका खरा दिसायचा प्रयत्न करत राहिला.

"खरं बोलतोयस का तू?" दादानं विचारलं. "मला आता कळत नाहीये."